बिनपाण्याचा पाईप

एप्रिल महिन्यात रत्नागिरीत माणसाने एक वेळ हत्ती आणून अंगणात बांधावा. लोक चार दिवस बघतील, केळी देतील आणि विसरून जातील. पण पाईप आणू नये. नळाला एक दिवसाआड पाणी, तेही करंगळीएवढं, विहिरींचे तळ दिसायला लागलेले, आणि अशा दिवसांत झाडगावातला एक पांढरपेशा इसम नवेकोरे लोखंडी पाईप हातगाडीवर घालून भर दुपारी गल्लीत शिरतो म्हटल्यावर, ज्या खिडक्या गेल्या पावसाळ्यात लावल्यापासून उघडल्या नव्हत्या त्याही उघडल्या.

तो इसम मी. सदानंद शिरधनकर, सरकारी कचेरीत हेडक्लार्क.

"काय शिरधनकर, नवा नळ वाटतं?" शेजारच्या ओटीवरून केरूअण्णांनी विचारलं. केरूअण्णा कोर्टातून निवृत्त झालेले. पण उलटतपासणी ऐकून ऐकून अंगात इतकी भिनलेली की देवळात प्रसाद घेतानाही ते "कोणी केला? कधी केला? साखर कुठली?" असं विचारत.

"नळ नव्हे हो. मच्छरदाणीची चौकट करायचीय."

"लोखंडी?" आतून त्यांच्या पत्नी, गोदाकाकू, पदराला हात पुशीत बाहेर आल्या. "मच्छरदाणीला कामट्या लागतात रे. आमच्या माडाखाली पडल्यात चार, ने. ह्या एवढ्या पाईपांत काय डास कोंडून ठेवणार आहेस?"

मी हसलो. खोटं बोलणाऱ्या माणसाने हसू नये हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

पाईप कशासाठी होते ते आता सांगायला हरकत नाही. माझा शाळेपासूनचा दोस्त मन्सूर, राजिवड्याचा, बोटीवर असतो. त्याने राहीसाठी काचेच्या बशा आणल्या होत्या. राही म्हणजे माझी बायको, मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते. बशा परदेशी मासिकाच्या पानांत गुंडाळलेल्या होत्या, आणि कुठलाही कागद वाचल्याशिवाय टाकायचा नाही हा राहीचा नियम. तशात एका पानावर तिची नजर खिळली.

"अहो, हे बघा."

मी बघितलं आणि आधी खिडकी लावली. एका चौकटीवर काळं रबर ताणलेलं, आणि त्या रबराच्या दोन थरांत एक माणूस! आतली सगळी हवा ओढून घेतल्यामुळे रबर अंगाला असं चिकटलेलं की वेष्टनातली साबणाची वडी बरी. फक्त डोकं बाहेर. आणि चेहऱ्यावर असं समाधान, की आमच्या घराण्यात कुणाच्या चेहऱ्यावर मी ते पंक्तीत मठ्ठा प्यायल्यानंतरसुद्धा पाहिलेलं नाही.

"शी!" मी म्हणालो.

"हो ना," राही म्हणाली, आणि पान तिने बाजूला ठेवलं. मग थोड्या वेळाने भांडी लावता लावता म्हणाली, "सगळीकडून एकदम धरल्यासारखं होत असेल, नाही हो? कसं वाटत असेल?"

लग्न झाल्यापासून राहीने माझ्याकडे दोन गोष्टी मागितल्या होत्या: एक मिक्सर आणि दापोलीच्या बहिणीकडे राहायला जाण्याची परवानगी. पैकी मिक्सर मी अजून घेतलेला नव्हता. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? आणि खरं सांगायचं तर "कसं वाटत असेल" हा प्रश्न एव्हाना मलाही चावायला लागला होता.

मन्सूरला ते पान दाखवलं तेव्हा त्याने पानाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग बराच वेळ खाडीकडे बघितलं.

"सदू, तुमच्यात हे कधीपासून?"

"अजून नाही. विचार चाललाय."

"विचार करून कुणी करत नाही रे हे," तो म्हणाला. पण दोस्त तो दोस्तच. पुढच्या खेपेला नव्या टायरच्या वासाची एक भली मोठी काळी रबरी पिशवी घेऊन आला. तिला डोकं बाहेर काढायला गळ्याशी भोक, आणि सोबत आकृत्यांचं एक जर्मन पत्रक. "चौकट मात्र इथेच करून घे. माणसाच्या उंचीचे पाईप घेऊन कस्टममधून आलो असतो तर आज मी तुला तिथेच भेटलो असतो." हवा ओढायला त्याने आपल्या बायकोचं, सईदाचं, धूळ ओढायचं यंत्रही दिलं. "सईदाला सांगितलंय तुमच्याकडे पुस्तकांना कसर लागलीय म्हणून. तू तेच सांग."

पत्रकात तांबड्या अक्षरांत एक वाक्य होतं. शाळेतल्या शब्दकोशातून राहीने ते लावलं: हा खेळ एकट्याने कधीही खेळू नये, दुसऱ्याने बटणापाशी बसावं आणि नजर हलवू नये.

"हे खरं तर लग्नपत्रिकेवर छापायला हवं," राही म्हणाली.

तर चौकट. काम साधं होतं. लांबीचे दोन पाईप, रुंदीचे दोन, कोपऱ्यांना चार काटकोनी एल्बो, पाईपांना आतल्या अंगाने बारीक बारीक भोकं आणि यंत्राची नळी जोडायला एक तोटी. शालेय भूमितीत आयत हा सर्वांत निरुपद्रवी आकार मानला जातो. तो ज्यांनी मानला त्यांनी काशीरामकडे काम दिलेलं नसणार.

काशीराम हा आमच्या भागातला नळजोडारी. हातात पाना आला की तो बोलायला लागतो, आणि बोलायला लागला की पाना खाली ठेवतो. भोकांचं ऐकून त्याने पाना खाली ठेवलाच.

"भोकां? सायेब, लोक माज्याकडं भोकां बुजवाय येतात. तुमी पाडाय आलात?"

"हो. बारीक. ओळीने."

त्याने डोळे मिटले, मान हलवली आणि मग एकदम त्याचा चेहरा उजळला. "कळला! बोलू नका. कळला मला." काय कळलं ते त्याने सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर मला सांगावं लागलं असतं.

संध्याकाळी त्याने पाईप आणून अंगणात मांडून दाखवले तेव्हा भोकं सगळी बाहेरच्या अंगाला.

"काशीराम, अरे आत हवी होती!"

"आत? मग पाणी कुटं उडंल? कारंजा ना ह्या?"

म्हणजे काशीरामला कळलं होतं ते हे. आणि त्याला जे कळतं ते तो स्वतःपाशी ठेवत नाही. दुसऱ्या दिवशी गाडीतळापर्यंत बातमी होती की लोकांना प्यायला पाणी नाही आणि शिरधनकर हेडक्लार्क घरात कारंजं बसवतोय. भाजीवालीने मला कोथिंबीर दिली नाही. कचेरीतल्या शिपायाने पाण्याचा पेला टेबलावर आपटून ठेवला आणि म्हणाला, "घ्या. उडवा."

पाईप फिरवून भोकं आत घेता येतील, असं राहीने सुचवलं. मग आम्ही दोघांनी रविवारी सकाळी माजघरात चौकट जोडायला घेतली. तीन कोपरे झकास बसले. चौथा एल्बो मात्र एका बाजूने आवळला की दुसऱ्या बाजूने सुटायचा. मी इकडून पिळत होतो, राही तिकडून पिळत होती, आणि मध्ये ती चौकट शांतपणे आमच्याकडे बघत होती. जेवणाच्या वेळेपर्यंत आमच्यात तीनदा अबोला झाला आणि तीनदा मोडला, कारण "धर" आणि "सोड" हे शब्द बोलल्याशिवाय पाईप जोडता येत नाहीत.

काशीरामला बोलावलं. तो भोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाला, "आता ह्येला युनियन लागणार." युनियन म्हणजे मध्ये बसवून दोन्हीकडून आवळायचा जोड. हे त्याला आधी का सुचलं नाही, असं विचारल्यावर म्हणाला, "कारंज्याला नसता लागला."

युनियनसाठी मी रामआळीतल्या हार्डवेअरच्या दुकानात कचेरीतून फोन केला. लाईनवर खरखर होती, म्हणून जरा मोठ्याने बोललो. "हो, हो, मला युनियन पाहिजेच! आता युनियनशिवाय माझं काहीच होणार नाही!" फोन ठेवून वळतो तो आमच्या कर्मचारी संघटनेचे सेक्रेटरी भागोजी गुरव दारात. नोकरीला लागल्यापासून मी वर्गणी चुकवत आलो होतो. भागोजींचे डोळे पाणावले. त्यांनी मला मिठी मारली. त्या संध्याकाळी महागाई भत्त्याच्या मागणीसाठी निघालेल्या मोर्चात सगळ्यात पुढे, फलकाचा बांबू धरून, मी होतो. घोषणा देत होतो आणि वाटेत दुकानातून उचललेलं युनियन खिशातून मांडीला टोचत होतं.

कचेरी, गल्ली आणि मोर्चा हे एवढं सोसून चौकट जुळली. ती दाराबाहेर जाऊ शकत नव्हती, कारण माजघराच्या अरुंद दाराशी वळतच नव्हती. पण तिला कुठे जायचं होतं? आम्ही तिला माजघरात भिंतीला टेकवून वर सतरंजी टाकली आणि शनिवारची वाट बघायला लागलो. राही वर्गात दोनदा फळ्यावर आपोआप आयत काढून आली.

आणि शुक्रवारी मुकादमसाहेब आले.

जमाल मुकादम नगरपालिकेच्या पाणी खात्यातले. सज्जन माणूस, आवाज मऊ, नियम कडक. "वहिनी, माफ करा. तक्रार आलीय. बेकायदा नळजोडणी आणि उन्हाळ्यात कारंजं. मला बघावं लागेल." त्यांच्या मागे तक्रारदार केरूअण्णा, नुसते सहज चाललोय अशा चेहऱ्याने उभे.

सतरंजी काढली. मुकादमसाहेब खाली बसले. बोटाने पाईप चाचपत सुरुवातीपासून निघाले आणि चार कोपरे फिरून पुन्हा सुरुवातीलाच आले. पुन्हा उलटे फिरले.

"ही एवढीशी तोटी सोडली तर ह्याला टोक कुठे आहे?"

"नाही," मी म्हणालो.

"मग पाणी कुठून येतं?"

"येत नाही."

"जातं कुठे?"

"जात नाही."

"आणि भोकं?"

मी राहीकडे बघितलं. राहीने छताकडे बघितलं. केरूअण्णा मागून म्हणाले, "साक्षीदार गप्प आहे, हे नोंदवा."

मुकादमसाहेब उठले. "शिरधनकर, पाणी येत असतं तर मी पाईप जप्त केला असता. तुटका असता तर सोडून दिला असता. ह्यात मला दोन्ही करता येईना. हा चालवून दाखवा. रविवारी सकाळी येतो. काय होतं ते मला डोळ्यांनी बघू दे." जाता जाता हात जोडून म्हणाले, "माझ्याही झोपेचा प्रश्न आहे हो आता."

रविवारी दाखवायचं म्हणजे शनिवारी आमचं उरकायला हवं, असा सरळ हिशेब. शनिवारी दुपारी राहीची शाळा सुटल्यावर आम्ही पुढचं दार लावलं, वर कडी घातली, कडीला खुर्ची लावली. खिडक्या बंद. चौकट पिशवीच्या आत बसवली, तोटीला यंत्राची नळी जोडली. अंगाला पावडर भरपूर चोपडायची असते, नाही तर रबर सरकत नाही. मी पावडर दोघांच्या अंगाला चोपडली आणि थोडी उरलेली माजघराला. राहीने अंगात जुना परकर-पोलका घातला, वेणी वर बांधली आणि नाकात हसत हसत पिशवीत शिरली.

"तयार?"

"थांबा... हं. तयार."

मी बटण दाबलं. यंत्र घोंघावलं. रबराला आधी एक सुरकुती पडली, मग ते हळूच खाली बसलं. पावलं दिसायला लागली, गुडघे, हाताची दहा बोटं. आणि मग राही हसायला लागली. तिला हलता येईना, म्हणून ते हसू कुठे जाईना. ते नुसतं चेहऱ्यावर मावेनासं झालं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"काय होतंय? बंद करू?"

"खबरदार!" ती ओरडली. "अहो... अहो, कुठेच काही करावं लागत नाहीये! हात कुठे ठेवू, पाय कुठे ठेवू, काही नाही! सगळं त्यानेच धरलंय!"

मी बटणापाशी उकिडवा बसून बायकोकडे बघत होतो. सकाळी पाच वाजता उठणारी, डबे भरणारी, पंचेचाळीस मुलींना वर्गात आणि एक नवरा घरात सांभाळणारी माझी बायको पहिल्यांदाच काही न करता आडवी होती, आणि इतकी सुंदर दिसत होती की मी पत्रकाची आज्ञा अक्षरशः पाळली. नजर हलवली नाही.

मग माझी पाळी. मी गंजी आणि पट्ट्यापट्ट्याच्या हाफपँटवर आत शिरलो. रबर आवळलं. माझं पोट तेवढं शहाळ्यासारखं वर राहिलं. राहीने त्यावर टिचकी मारली. काय सांगू! पाण्यात बुडी मारावी आणि पाणी मात्र ओलं नसावं, तसं. मी डोळे मिटले. महागाई भत्ता, भागोजी, कोथिंबीर, सगळं लांब गेलं.

"राही गो, आंबोळ्या केल्या होत्या, म्हटलं..."

आम्ही पुढच्या दाराला खुर्ची लावली होती. कोकणात मागीलदार नावाची एक गोष्ट असते आणि शेजारीण तिथूनच येते, हे दोघंही विसरलो होतो.

गोदाकाकू आंबोळ्यांचं ताट घेऊन उभ्या. त्यांच्या मागे केरूअण्णा, आणि त्यांच्या मागे मुकादमसाहेब. "उद्या आमच्याकडे साखरपुडा निघाला, म्हणून म्हटलं आजच..." असं म्हणता म्हणता मुकादमसाहेब थांबले.

राहीचा हात बटणाकडे गेला. मी डोळ्यांनी तिला विनवलं, नको. बटण बंद केलं असतं तर मला बाहेर यावं लागलं असतं, तांदळाच्या पिठात घोळलेल्या बांगड्यासारखा, पट्ट्यापट्ट्याच्या पँटमध्ये. आत निदान मी झाकलेला तरी होतो. कितपत झाकलेला होतो ते मात्र मला मान वाकवून बघता येत नव्हतं.

यजमानाने अशा वेळी काय करावं, याला शास्त्र नाही. मी मानेवर उरलेल्या सगळ्या प्रतिष्ठेनिशी म्हणालो, "या. बसा ना."

कुणी बसलं नाही.

"सदानंदाला काय झालं गो?" गोदाकाकूंनी ताट छातीशी धरलं.

आणि राही उभी राहिली. परकर सारखा केला. तिच्या शाळेतला आवाज मी घरी कधी ऐकला नव्हता, तो त्या दिवशी ऐकला. "हवेचा दाब," ती म्हणाली. "आपल्या अंगावर सतत हवेचा दाब असतो, पण आपल्याला तो जाणवत नाही. का? कारण तो सगळीकडून सारखा असतो. आतली हवा काढली की बाहेरची हवा किती जोरात दाबते, ते इथे दिसतंय. मुकादमसाहेब, पाणी दिसतंय कुठे?"

"नाही, बाई," मुकादमसाहेब म्हणाले. ते वहिनीवरून बाईंवर आले होते, आणि नकळत हाताची घडी घालून उभे होते.

"केरूअण्णा, शंका?"

"आरोपीला... म्हणजे सदानंदाला दुखत नाही ना?"

"नाही," मी म्हणालो. "उलट बरं वाटतं." आणि इथे माझी जीभ घसरली. "फार बरं वाटतं. कुणीतरी पांघरूण चारी बाजूंनी घट्ट खोचून दिल्यासारखं."

यावर तिघंही रबराकडे बघायला लागले, आणि ते बघणं मला ओळखीचं वाटलं. त्या बशांच्या कागदाकडे राहीने बघितलं होतं, तसंच.

गोदाकाकूंनी आंबोळ्यांचं ताट खाली ठेवलं. "राही," त्या म्हणाल्या, "आमच्या वेळेला मुलींना विज्ञान शिकवीत नसत."

पुरुषमंडळींना ओटीवर पिटाळण्यात आलं. मला कसं बाहेर काढलं आणि मी कुठल्या चादरीत ओटीवर आलो, ते मी सांगणार नाही. आम्ही तिघं बाकावर बसलो होतो. आत यंत्र घोंघावलं. आणि मग गोदाकाकूंचं हसू ऐकू आलं. त्या हसायला लागल्या की आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर हलतं, हे मला ठाऊक होतं. पण हे हसू निराळं होतं. हे बारीक होतं, वर वर चढत जाणारं, झोपाळ्यावर बसलेल्या पोरीसारखं.

केरूअण्णा बाकावर ताठ झाले. "ही हसतेय?" ते म्हणाले. "हे... हे हसू मी..." आणि त्यांचा प्रश्न संपलाच नाही. केरूअण्णांचा न संपलेला हा पहिलाच प्रश्न.

गोदाकाकू बाहेर आल्या तेव्हा त्यांचे केस पावडरीने आणखी पांढरे झाले होते आणि नऊवारीचा कासोटा सुटायला आला होता. त्या कुणाकडेही न बघता घरी गेल्या. मुकादमसाहेबांनी माझ्याशी हात मिळवला. "पाणी खात्याचा संबंध नाही," ते म्हणाले. मग दोन पावलं जाऊन परत आले. "हवेचं खातं आमच्याकडे नाही, ही मेहेरबानीच समजा." आणि गालातल्या गालात हसत निघाले.

आम्ही दार लावलं, मागचंही. आंबोळ्या गार झाल्या होत्या. त्या तशाच खाताना राहीला मध्येच हसू फुटलं, ते मला लागलं, आणि आम्ही माजघराच्या पांढऱ्या जमिनीवर पोट धरून लोळलो. आपली लाज गेली की राहिली, हे ठरवता येत नव्हतं आणि ठरवायची गरजही उरली नव्हती.

दिवेलागणीला मागीलदारी टकटक झाली. गोदाकाकू मागीलदारी टकटक करून आल्या, हे पहिल्यांदाच. मागे जरा अंतरावर केरूअण्णा तुळशीपाशी उभे होते आणि तुळशीची पानं मोजत असल्यासारखं करत होते.

"राही," काकू कुजबुजल्या, "ती तुझी चौकट. खोलून नेता येते म्हणालीस ना? आम्हांला बुधवारी हवी होती. एकच दिवस. ह्यांना..." त्यांनी पदर तोंडाला लावला. "ह्यांना हवेचा दाब समजलेला नाही अजून."

राहीने गंभीरपणे मान हलवली. "न्या ना. पण काकू, दुसऱ्याने बटणापाशी बसायचं आणि नजर हलवायची नाही."

"गो, चाळीस वर्षं त्यांनी नुसते प्रश्नच विचारले," काकू म्हणाल्या. "आता बघू देत जरा."

तुळशीपाशी केरूअण्णा खाकरले. "ते युनियन," ते तिकडूनच म्हणाले, "ते सदानंदच आवळून देईल ना? नाही, नुसतं विचारतोय."